काटेकोरांचा थायरॉईड

काटेकोरांना काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच जीव मुठीत धरून बसेल आणि शेवटी सांगणाऱ्याच्या नावाने बोटं मोडेल. माणूस ठणठणीत होता, आजही आहे, आणि सकाळी नळाला पाणी आलं नाही की ज्या आवाजात ओरडतो त्यावरून पुढेही बराच काळ राहील असं दिसतं. पण मध्यंतरी काही आठवडे असे गेले की त्यांच्या घरात कोबीशिवाय दुसरं काही शिजत नव्हतं, त्यांची मेहुणी रोज फोन करून त्यांच्या मानेची चौकशी करत होती, आणि खुद्द काटेकोर न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहून आवंढा गिळताना गळ्यात काय हलतं ते निरखत होते. गळ्यात सगळ्यांच्याच काहीतरी हलतं, पण हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

काटेकोर हे अर्थात टोपणनाव. गृहस्थ वजनमापांच्या खात्यात निरीक्षक. दुकानदाराचा काटा खरा आहे का, लिटरचं माप लिटरभरच भरतं का, हे तपासायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा आणि नसेल तर दुकानदाराला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. अशा कामात आयुष्य गेल्यावर माणसाचा फक्त आकड्यांवर विश्वास उरतो. घरी चहात साखर किती घातली असं ते बायकोला विचारायचे तेव्हा तिने नुसतं "घातली" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. माणसं खोटं बोलतात, माल कधी खोटं बोलत नाही, आणि शिक्क्याचे दोन काटे एकच वजन दाखवत असले की तिसरा काटा मागणारा लबाड समजावा, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. ते त्यांनी लग्नकार्यात, स्मशानात आणि बस चुकल्यावर बसथांब्यावरसुद्धा लोकांना ऐकवलेलं होतं.

तर झालं असं, की त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणाला आली होती. म्हणजे माहेरी नव्हे, तिच्याच घरी, दूरच्या शहरात. तिला प्रवास नको असं ठरलं, म्हणून आईबापांनीच तिकडे जाऊन राहायचं होतं. काटेकोरांनी रजा मंजूर करून घेतली होती आणि बॅगा कुठल्या, त्यात कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात, याचा विचारही पुरा झाला होता. मुलीने फोनवर एकच अट घातली. येण्याआधी दोघांनीही रक्त वगैरे एकदा नीट तपासून घ्या, इथे आल्यावर मला तुमच्यामागे धावता यायचं नाही. आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, बाळ पहिल्यांदा तुमच्याच मांडीवर द्यायचं, असं मी ठरवलंय."

यावर काटेकोर "बघू, बघू" म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्यानंतर ते खुर्चीत बसले की नकळत मांडी सपाट करून बघायचे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. मुलीला दिवस गेल्याचं कळल्यापासून ते केसांच्या गोळ्या घेत होते. आजोबा व्हायचं तर जरा दिसण्यासारखं व्हावं, पहिल्या फोटोत डोक्यावर दिवा लावल्यासारखं दिसू नये, एवढीच माफक इच्छा. केस कापणाऱ्याने एका गोळीचं नाव सांगितलं. डब्यावर "अतिशय शक्तिशाली" असं लिहिलेलं होतं, त्यावर काटेकोरांनी विचार केला की एका गोळीत इतकी शक्ती असेल तर दोनात दुप्पट असणार, हा साधा हिशेब आहे. डबा बुटाच्या पॉलिशच्या खोक्यात राहायचा, कारण त्या खोक्याला बायको कधी हात लावत नसे. आता एवढं लपवायचं कारण काय, तर त्यांचा साडू. साडू केसांना कलप लावायचा आणि काटेकोर गेली कित्येक वर्षं प्रत्येक समारंभात चारचौघांत त्याच्या डोक्याकडे बघून "आज शाई ओली दिसतेय" असं म्हणायचे. इतकी वर्षं ज्या तोंडाने हसलो त्याच तोंडात केसांची गोळी टाकतो, हे जगाला कळणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तपासणीचा निकाल आला. मोबाईल नंबर बायकोचा दिला होता, त्यामुळे तो आधी बायकोकडे आला. तिने तो काही न समजता बहिणीकडे पाठवला आणि बहिणीने सगळं समजल्यासारखा तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. काटेकोर कचेरीतून येऊन जिना चढत होते तेव्हा ज्याच्याशी गेल्या पाच-सात वर्षांत बोलणं नव्हतं अशा एका चुलतभावाचा "काळजी घे" म्हणून फोन आला. काळजी कशाची ते त्यांना घरी पोचल्यावर कळलं.

बायकोचं सगळं बरोबर होतं. साखर, हिमोग्लोबिन, सगळं जिथल्या तिथे. खरं म्हणजे गुडघे तिचे दुखत होते, थकवा तिला येत होता, आणि आपल्यात काहीतरी निघणार अशी तिची मनाची तयारी झालेली होती. काटेकोरांच्या कागदावर मात्र थायरॉईडच्या रकान्यात ठळक अक्षरं होती. टीएसएच नावाचा आकडा जवळजवळ तळाला गेलेला, आणि टी-फोर नावाचा वर चढलेला. जन्मभर दुसऱ्यांच्या मापात खोट काढणाऱ्या माणसाच्याच मापात खोट निघाली, हे त्यांना आजारापेक्षा जास्त लागलं.

पहिली सल्लागार मेहुणी. तिला स्वतःला थायरॉईडचा त्रास होता आणि त्यामुळे या विषयातली अंतिम सत्ता आपल्याकडे आहे असं ती समजायची. तिचा थायरॉईड आळशी होता. भाऊजींचा उलटा, म्हणजे उतावळा निघाला. मग तिने अगदी सरळ विचार केला: आपल्याला जे जे खायला मनाई, ते ते भाऊजींना भरपूर खायला घालायचं. तिला कोणीतरी कोबी बंद करायला सांगितलं होतं, म्हणून काटेकोरांच्या घरी कोबी सुरू झाला. मिठात आयोडीन असतं आणि आयोडीनने थायरॉईड पेटतो, असंही तिने ऐकलं होतं, तेव्हा मीठ बंद. अळणी कोबी दोन्ही वेळा पुढे आल्यावर काटेकोर ताटाकडे बघत म्हणायचे, या आजाराने माणूस बारीक का होतो ते आता कळलं. बायको बिचारी गप्प वाढायची. तिला स्वतःला तोच कोबी मीठ घालून वेगळा करता आला असता, पण नवरा अळणी खातो आणि आपण चवीचं कसं खायचं, म्हणून तीही तसाच गिळत होती.

दुसरे सल्लागार शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि निदान केलं की टीएसएच कमी, म्हणजे थायरॉईड कमी, सरळ आहे. मेहुणी म्हणते ते उलटं आहे. कमी आहे तर वाढवायला हवा. त्यासाठी त्यांच्याकडे मानेचा व्यायाम होता: चालताना हनुवटी वर करून आकाशाकडे बघायचं, ग्रंथीला ताण बसतो आणि ती कामाला लागते. काटेकोर पहिल्याच सकाळी आकाशाकडे बघत निघाले ते कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापुढे लावलेल्या सायकलींत गेले. एक पडली, तिने दुसरीला घेतलं, आणि रांग संपेपर्यंत कोणी थांबलं नाही. दुकानदाराने विचारलं, साहेब, वर काय बघत होता? काटेकोरांनी गुडघा झाडत सांगितलं, की हवामान. खरं सांगण्यासारखं नव्हतंच.

असे दोन पक्ष पडल्यावर ते घरच्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी समजावलं, की मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, ती म्हणजे साहेब. गळ्यातला थायरॉईड म्हणजे कारकून. टीएसएच म्हणजे साहेबाचं ओरडणं. कारकून काम करत नसला की साहेब ओरडतो, म्हणून टीएसएच वाढतो. आणि कारकून हवं त्यापेक्षा जास्तच काम उरकायला लागला की साहेब गप्प बसतो, टीएसएच खाली जातो. तुमचा साहेब गप्प आहे आणि टी-फोर वर आहे, त्या अर्थी कारकून बेफाम सुटलाय.

काटेकोरांना हे पटेना. त्यांची हयात सरकारी कचेरीत गेलेली. साहेब गप्प असतो तेव्हा तो रजेवर असतो, आणि कारकून आपण होऊन जास्त काम करतो ही गोष्ट त्यांनी ऐकलेली नव्हती, हे त्यांनी डॉक्टरांना सविनय सांगितलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात अजून कामसू कारकून आहेत. मग त्यांनी कुठली औषधं चालू आहेत का विचारलं. शेजारच्या खुर्चीवर बायको बसली होती. काटेकोरांनी छाती पुढे काढून सांगितलं, की आपण डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेत नाही. त्यांच्या मते ते खोटं नव्हतं. केसांची गोळी म्हणजे औषध नव्हे, ते खत.

डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली. त्याआधी काटेकोरांनी एक काम केलं, जे त्यांच्याखेरीज जगात दुसऱ्या कोणी केलं नसतं. ते रक्ताच्या प्रयोगशाळेत गेले आणि म्हणाले, मला तुमचं यंत्र दाखवा. ते शेवटचं कधी तपासलं, कोणी तपासलं, प्रमाणपत्र कुठे आहे. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, आम्ही फक्त आकडे देतो, शंका डॉक्टरांना विचारा. काटेकोर हटले नाहीत. त्यांनी खिशातलं खात्याचं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. बाई घाबरल्या, त्यांनी आतल्या प्रमुखांना बोलावलं, प्रमुखांना वाटलं वरून तपासणी आली, आणि त्यांनी काटेकोरांना आत नेऊन खुर्ची दिली, चहा दिला, यंत्र दाखवलं. यंत्र रोज सकाळी जुळवलं जात होतं, तारीख होती, सही होती, सगळं चोख. काटेकोरांना दोष सापडेना. रक्त तपासणारं यंत्र वजनमापांच्या खात्याच्या कक्षेत मुळात येतं का, असा प्रश्न प्रमुखांना चहा संपल्यावर सुचला, तोवर काटेकोर बाहेर पडले होते.

तरी समाधान म्हणून दुसरी तपासणी त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत केली. तिथे वेगळाच घोळ. नोंदणीत त्यांच्या नावापुढे बाई असं पडलं, आणि ते दुरुस्त करायला गेले तर दुरुस्तीसाठी मूळ नोंदणी रद्द करावी लागेल, मूळ नोंदणी रद्द करायची तर घेतलेलं रक्त टाकून द्यावं लागेल, असं उत्तर मिळालं. काटेकोरांनी दंडाकडे बघून क्षणभर विचार केला आणि सुई पुन्हा टोचण्यापेक्षा बाई म्हणून राहणं पत्करलं. निकालात टीएसएच पुन्हा तळाला. शिवाय या खेपेला खाली एक ओळ होती, की गरोदर असल्यास डॉक्टरांना कळवावं. मुख्याध्यापकांनी ही ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

दोन काटे एकच वजन दाखवत होते. तिसरा मागायचा तर स्वतःच्याच तत्त्वाप्रमाणे लबाड ठरायचं. काटेकोर मुकाट्याने खुर्चीत बसले, आणि आपल्याला आजार आहे हे त्यांनी मान्य केलं.

मान्य केल्याबरोबर लक्षणं हजर झाली. मेहुणीने ती वाचून दाखवली होती: छाती धडधडणं, हात थरथरणं, घाम, झोप न लागणं, चिडचिड. छातीवर हात ठेवला की धडधड लागायचीच. हात समोर धरून बराच वेळ बघितला की तो हलायचा. झोप तर कोबीनेच उडवली होती. चिडचिडीबद्दल त्यांनी बायकोला विचारलं, अलीकडे वाढलीय का गं? ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "लक्षण तेच असेल तर तुम्हाला हा आजार लग्नाच्या आधीपासून आहे."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मुख्याध्यापकांनी मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि ते बोलून बसले. या आजारावर एक उपाय असतो, त्यात रुग्णाला आयोडीनचं एक खास औषध देतात, किरणं सोडणारं. घेतलं की माणसाने काही दिवस लहान मुलांजवळ जायचं नाही. पोटुशी बाईजवळही नाही. मुख्याध्यापक हे अगदी सहज म्हणाले आणि घरी जेवायला गेले. काटेकोरांचा घास तसाच राहिला.

त्या दिवसापासून त्यांनी आजाराबद्दल बोलणं बंद केलं, आणि बायको खरी घाबरली ती तेव्हा. ओरडणारा नवरा तिला माहीत होता, गप्प बसणारा तिने पाहिला नव्हता. मुलीचा फोन आला की ते हूं हूं करून फोन बायकोकडे द्यायचे. मुलीने विचारलं, बाबांना यायचं नाही का? बायकोने सांगितलं, कामाच्या गडबडीत आहेत. सांगताना तिचा आवाज कापला आणि तो फोनच्या पलीकडे ऐकू गेला असणार.

घरच्या डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. या बाई वयाने लहान, जवळजवळ त्यांच्या मुलीच्याच वयाच्या. त्यांनी कागदांकडे आधी बघितलंच नाही. काटेकोरांची नाडी बघितली, मान चाचपली, हात पुढे धरायला सांगून बोटांवर कागद ठेवून पाहिला, डोळे पाहिले. वजन किती कमी झालं, असं विचारलं. वजन हा काटेकोरांचा प्रांत. त्यांनी सांगितलं, कमी नाही, थोडं वाढलंच आहे, आणि काटा शिक्क्याचा आहे. बाईंनी मग कागद उचलले, परत काटेकोरांकडे बघितलं, परत कागदाकडे.

त्या म्हणाल्या, कागदावर तुम्ही चांगलेच आजारी आहात, पण समोर बसलेल्या माणसात मला तो आजार सापडत नाही. नाडी शांत, हात स्थिर, गाठ नाही, सूज नाही. कधीकधी काही गोष्टींमुळे तपासणी फसते. तुम्ही टॉनिक, जीवनसत्त्वं, केसांसाठी, नखांसाठी, असं काही घेता का?

काटेकोरांनी उत्तर देण्याआधीच बायको हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. ती म्हणाली, छे हो डॉक्टर, यांना कशाला हवंय ते, हे तर आमच्या बहिणीच्या नवऱ्याला कलपावरून हसत असतात. डॉक्टरीणबाईही हसल्या. काटेकोरही हसले, आणि बोलायची वेळ निघून गेली.

माणसाची अब्रू किती चिवट असते बघा. एक शब्द बोलायचा होता, आणि तो घशात अडकला, जिथे इतके दिवस ते आजार शोधत होते. बाई पुढचं सांगू लागल्या. मग आपल्याला थायरॉईडचं स्कॅन करावं लागेल, त्यानंतर गोळ्या, आणि गोळ्यांनी नाही जमलं तर आयोडीनचा उपचार. आयोडीन हा शब्द ऐकल्यावर काटेकोर सरसावून बसले.

"मग लहान बाळ घेता येतं का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी विचारलं, किती लहान?

"अजून झालेलं नाही. होईल या महिन्यात. मुलीचं."

बाई म्हणाल्या, तो उपचार झालाच तर त्यानंतर काही दिवस बाळाला जवळ घेऊन बसता येणार नाही. लांबून बघता येईल. मग पुढे सगळं नेहमीसारखं.

लांबून. काटेकोरांना मुलीचं घर माहीत होतं. दारापासून खाटेपर्यंतचं अंतर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, त्या दारात उभे असलेले आपण दिसलो, आणि बाळ दुसऱ्याच कोणाच्या तरी मांडीवर. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग भिंतीवरच्या गळ्याच्या चित्राकडे बघितलं आणि त्या चित्राला सांगितल्यासारखं म्हणाले, "मी केसांच्या गोळ्या घेतो. रोज दोन."

बायकोने मान वळवून त्यांच्या डोक्याकडे बघितलं. तिथे गोळ्यांचा काही पुरावा दिसत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव विचारलं आणि पेन खाली ठेवून खुर्चीला टेकल्या. त्यांनी सांगितलं, त्या गोळीत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व खच्चून भरलेलं असतं. अंगाला तसं त्याचं काही होत नाही. पण अनेक ठिकाणची यंत्रं रक्तातला थायरॉईड पकडायला हेच बायोटिन वापरतात. रक्तात ते आधीच भरून वाहत असलं की यंत्र गोंधळतं, टीएसएच खाली दाखवतं आणि टी-फोर वर. दोन्ही प्रयोगशाळांत त्याच जातीचं यंत्र असणार, म्हणून दोन्हीकडे चूक एकसारखी.

"म्हणजे काटा खोटा होता," काटेकोर म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी जुना जोर आला.

"काटा खराच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही पारड्याखाली लोहचुंबक लावलं होतं."

हे त्यांच्या वर्मी बसलं. पारड्याखाली लोहचुंबक लावणारे दुकानदार त्यांनी आयुष्यभर पकडले होते, त्यांना भर बाजारात उभं करून लाज काढली होती. त्यातल्या प्रत्येकाने आपल्याला माहीतच नव्हतं असं सांगितलं होतं, आणि एकाचंही त्यांनी ऐकलं नव्हतं. ते जागच्या जागी आकसले. बाईंनी गोळ्या बंद करून आठवडाभराने पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. बहुतेक काहीही निघणार नाही, म्हणाल्या, पण बघून खात्री करू. अळणी कोबीचं कळल्यावर म्हणाल्या, मीठ खा, आजपासूनच खा.

बाहेर इस्पितळाचा लांबच लांब व्हरांडा होता आणि त्यात लाकडी बाकं. बायको पहिल्याच बाकावर बसली. काटेकोर उभे राहिले, कारण आता काय ऐकावं लागणार याचा अंदाज बांधत होते. साडूचा विषय निघणार, खोटेपणाचा निघणार, पॉलिशच्या खोक्याचाही निघणार. पण ती पदराने तोंड झाकून रडायला लागली, आणि रडता रडताच मध्ये हसू फुटायचं, मग पुन्हा रडू. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. एक नर्स पाणी घेऊन आली आणि काटेकोरांकडे असं बघून गेली की या माणसाने नक्की काहीतरी केलंय.

"मी मनात काय काय आणलं होतं, माहितीय तुम्हाला?" बायको म्हणाली. "तुमच्याशिवाय या घरात कशी राहीन, इथपर्यंत जाऊन आले मी. आणि तुम्ही केसांपायी! अहो, तुमच्या डोक्याकडे बघून मी लग्न केलं नव्हतं. तेव्हाही तिथे फार काही नव्हतं."

काटेकोर तिच्या शेजारी बसले. चुकलं म्हणाले. हे ते सहसा म्हणत नसत, त्यामुळे तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्यांनी बहिणीला सांगू नकोस अशी गळ घातली. तिने बरं म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत बहिणीला सगळं कळलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी साडूचा फोन आला. काटेकोरांनी मनाची तयारी करून, डोळे मिटून तो घेतला. साडू आवाज खाली आणून म्हणाला, बायको आत आहे तोवर सांगा, ती गोळी कुठली, आणि खरंच फरक पडतो का? काटेकोरांना जन्मात पहिल्यांदा त्या माणसाबद्दल माया वाटली. पडत नाही, त्यांनी खरं सांगितलं.

घरात मीठ आलं, कोबी गेला. मेहुणीने आपण हे पहिल्यापासून ओळखलं होतं असं जाहीर केलं. मुख्याध्यापक व्यायाम सोडू नका म्हणाले. पण काटेकोर आता कोणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ते फक्त आठवडा सरायची वाट बघत होते. आठवडा सरला, पण बाळाने निकाल येईपर्यंत धीर धरला नाही. रक्त देऊन आले त्याच दुपारी जावयाचा फोन आला, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. काटेकोरांनी "खुशाल" हा शब्द जावयाला तीनदा म्हणायला लावला.

बायको लगेच निघाली. तुम्हीही चला, म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय ना, काही नाही म्हणून. काटेकोर म्हणाले, बहुतेक काही नाही, असं सांगितलंय. बहुतेकवर मी बाळाला हात लावणार नाही. तिने खूप समजावलं, की असा आजार कोणाला लागत नाही, तुम्ही कुठलं आयोडीन घेतलेलं नाही. त्यांना ते सगळं कळत होतं. तरी ते मागे राहिले. बॅग भरून दाराशी ठेवली, आणि खुर्ची ओढून बॅगेशेजारी बसले. मुलीने पाठवलेला बाळाचा फोटो त्यांनी बघायचा टाळला. लांबून बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. या वेळी नंबर त्यांनी स्वतःचा दिला होता. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. टीएसएच मधोमध. टी-फोर मधोमध. एकही अक्षर ठळक नव्हतं. नावापुढे अजूनही बाई असंच होतं, पण त्याला आता त्यांची हरकत नव्हती. त्यांना एकदम जोराचं रडू आलं, आणि घरात कोणी नसल्यामुळे त्यांनी ते आवरलं नाही. मग तोंड धुतलं, गॅस बंद आहे का बघितलं, कुलूप ओढून पाहिलं आणि मिळाली ती पहिली गाडी धरली.

मुलीच्या घरी पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दार जावयाने उघडलं. काटेकोरांनी नमस्काराच्या आधी निकालाचा कागद पुढे केला. जावयाला काय करावं कळेना, त्याने तो घेतला, उलटसुलट केला आणि बसा म्हणाला. त्यांनी हातपाय धुतले, हात पुन्हा एकदा धुतले, आणि खाटेजवळच्या खुर्चीत बसले. मुलगी दुपारीच दवाखान्यातून घरी आली होती आणि उशीला टेकून बसली होती, थकलेली आणि हसरी. बाळ तिच्या कुशीत नव्हतं, आजीच्याही नव्हतं. पाळण्यात होतं.

"काल रात्रीपासून आईने तिला किती मागितली," मुलगी म्हणाली. "मी दिली नाही. तिच्या बाबांखेरीज मांडीवर कोणाच्याच दिली नाही. आजोबांची पाळी आधी, असं सांगितलं."

बायको मान हलवून म्हणाली, हो, मला नुसतं पाळण्यात वाकून बघायला मिळालं. तिने बाळ उचललं आणि काटेकोरांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने जांभई दिली, एक मूठ उघडली आणि त्यांच्या सदऱ्याची कड धरली. पकड भलतीच घट्ट होती. जावयाने काहीतरी विचारलं, बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला. बाहेर अंधार झाला. मुलगी म्हणाली, बाबा, आता द्या तिला, भूक लागली असेल.

"झोपलीय," काटेकोर म्हणाले.

डोळे उघडे आहेत तिचे, मुलगी म्हणाली.

काटेकोरांनी खाली बघितलं. होते खरेच. ते डोळे त्यांच्याकडेच बघत होते. ते म्हणाले, बरं, देतो, आणि तिला दोन्ही हातांनी आणखी जवळ ओढून घेतलं.